राणीचा रस्ता, अण्णांचं नाव

मैत्रिणींनो, मुंबईत चर्चगेटला उतरलात की रेल्वेच्या कडेकडेने मरीन लाइन्स, चर्नी रोडकडे जाणारा एक मोठा रस्ता लागतो. टॅक्सीवाल्याला विचारलं तर तो 'एम. के. रोड' म्हणेल. जुनी माणसं अजून 'क्वीन्स रोड' म्हणतात. हे नाव इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीवरून पडलेलं. पाटीवरचं खरं नाव मात्र आहे महर्षी कर्वे मार्ग. गंमत बघा, ज्या १८५८ साली हिंदुस्थानचा कारभार राणीच्या हाती गेला, त्याच साली १८ एप्रिलला कोकणात धोंडो केशव कर्वे जन्मले. पुढे राणीच्या रस्त्याला त्यांचंच नाव लागलं!

कर्व्यांचं घर दापोलीजवळच्या मुरुडचं, बेताच्या परिस्थितीतलं. परीक्षेसाठी हा मुलगा डोंगरघाट तुडवत पायी साताऱ्याला गेला, तर वयाने लहान दिसतो म्हणून त्याला बसूच दिलं नाही. पण शिकायची जिद्द सुटली नाही. १८८४ मध्ये ते मुंबईतून पदवीधर झाले आणि १८९१ पासून पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले.

त्याच वर्षी त्यांची पत्नी राधाबाई गेली. तेव्हा विधुराने पुन्हा बोहल्यावर चढायचं ते कोवळ्या कुमारिकेशी, अशी रीत होती. अण्णांनी ती मोडली. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई लहानपणीच विधवा झालेल्या आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. मुरुडकरांनी या जोडप्याला वाळीत टाकलं. आपल्याच गावात आपल्याच माणसांनी तोंड फिरवावं, यासारखं दुःख नाही.

पण एका लग्नाने सगळ्या जणींचं भलं होणार नाही, हे अण्णांनी ओळखलं. बाईच्या हातात विद्या हवी. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. १९०० मध्ये तो पुण्याबाहेर हिंगण्याला, माळावरच्या साध्या झोपडीत गेला. दिवसभर कॉलेजात शिकवायचं आणि संध्याकाळी चिखल तुडवत आश्रमात जायचं, असा त्यांचा नेम. वर्गणीसाठी दारोदार फिरले, अपमान गिळले. इकडे पैशाची ओढाताण सोसत घराचा गाडा ओढला तो गोदूबाईंनी, म्हणजे सगळ्यांच्या बाया कर्व्यांनी. रस्त्याच्या पाटीवर एकच नाव मावतं, पण त्यामागे या माउलीचेही कष्ट आहेत, हे आपण बायकांनी तरी विसरू नये.

जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती वाचून अण्णांनी १९१६ मध्ये आपल्याकडेही तसं विद्यापीठ सुरू केलं. कॉलेजच्या पहिल्या वर्गात मुली होत्या फक्त पाच! शिक्षण मातृभाषेतून. म्हणजे इंग्रजी येत नाही म्हणून कुणाला दार बंद नाही. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या आई नाथीबाईंचं नाव मिळालं. तेच आपलं एस.एन.डी.टी. मुंबईतली त्याची इमारत चर्चगेटजवळ, या रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर, नाथीबाई ठाकरसी मार्गावर आहे. म्हणजे शेजारचा रस्ता एका आईच्या नावाचा!

१९५८ मध्ये, वयाच्या शंभरीत, अण्णांना भारतरत्न मिळालं. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते गेले. ज्याला गावाने वाळीत टाकलं, त्याच्या नावाचे रस्ते मुंबई-पुण्यात झाले.

मोठी नावं आपण घाईत 'एम. के.', 'एम. जी.' अशी आखडून टाकतो आणि नावाबरोबर माणूसही हरवतो. तुमच्या गावातही कुणाच्या तरी नावाचा रस्ता असेलच. कॉलेजला निघालेल्या लेकीला ते नाव पुरतं सांगा, आणि ते का दिलं हेही सांगा. तिच्या पायाखालची वाट कुणीतरी आधी तुडवून ठेवली आहे, हे तिला कळायला हवं ना!