विनू मंकड : हमी न मिळालेला अष्टपैलू

भारतीय क्रिकेटच्या इतिहासात १९५२ हे साल दोन टोकांच्या आठवणींसाठी ओळखले जाते. फेब्रुवारीत मद्रासला भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळवला आणि जूनमध्ये लीड्सच्या हेडिंग्ले मैदानावर भारताच्या दुसऱ्या डावातले पहिले चार फलंदाज एकही धाव होण्यापूर्वी तंबूत परतले. मद्रासच्या विजयाचा शिल्पकार हेडिंग्लेच्या त्या सामन्यात नव्हता. तो इंग्लंडमध्येच होता, पण लँकेशायरमधील एका गिरणगावाच्या क्लबकडून पोटापाण्यासाठी खेळत होता. त्याचे नाव मुळवंतराय हिंमतलाल मंकड. क्रिकेटजगताने त्याला ओळखले ते शाळेतल्या लाडक्या नावाने, विनू मंकड म्हणून.

विनू मंकड यांचा जन्म १२ एप्रिल १९१७ रोजी जामनगरचा. रणजितसिंहजी आणि दुलीपसिंहजी यांच्या नावामुळे हे नवानगर संस्थान क्रिकेटच्या नकाशावर आधीच ठळक होते. ससेक्सचे व्यावसायिक खेळाडू बर्ट वेन्स्ली तेथे प्रशिक्षक म्हणून आले आणि त्यांनी या मुलाला मध्यमगती गोलंदाजी सोडून डावखुऱ्या मंदगती फिरकीकडे वळवले. १९३६-३७ मध्ये नवानगरने रणजी करंडक जिंकला तेव्हा विनू जेमतेम विशीत होते. पुढच्याच हंगामात लॉर्ड टेनिसन यांचा इंग्लिश संघ भारतात आला. त्याच्याविरुद्धच्या अनधिकृत कसोट्यांत या तरुणाने फलंदाजी आणि गोलंदाजी अशा दोन्ही सरासरींत भारतातर्फे अव्वल स्थान मिळवले.

मग महायुद्ध आले आणि खेळाडूच्या आयुष्यातील उमेदीची वर्षे घेऊन गेले. मंकड यांचे कसोटी पदार्पण जून १९४६ मध्ये लॉर्ड्सवर झाले, तेव्हा त्यांचे वय एकोणतीस होते. उशिरा मिळालेल्या संधीचे त्यांनी सोने केले. त्या दौऱ्यात त्यांनी प्रथम श्रेणी सामन्यांत ११२० धावा केल्या आणि १२९ बळी घेतले. विस्डेनने १९४७ च्या अंकात वर्षातील पाच क्रिकेटपटूंत त्यांची निवड केली. १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात मेलबर्नला त्यांनी ११६ आणि १११ अशी दोन शतके वेगवेगळ्या कसोट्यांत झळकावली.

ही सारी कामगिरी ज्या काळातली आहे त्या काळात क्रिकेट खेळून घर चालत नसे. कसोटी खेळणाऱ्याच्या हाती सामन्यामागे पडणारी रक्कम तुटपुंजी होती. करार, वार्षिक मानधन, निवृत्तिवेतन हे शब्द भारतीय क्रिकेटच्या कोशात नव्हते. खेळाडूचा खरा आधार म्हणजे संस्थानिक. दरबारात किंवा संस्थानच्या फौजेत नावापुरती नोकरी द्यायची आणि त्या बदल्यात संस्थानच्या संघातून खेळवायचे, ही तेव्हाची रीत होती. सांगलीचे विजय हजारे दोन विजेतेपदांच्या महाराष्ट्र संघातून बडोद्याकडे गेले आणि नागपूरचे सी. के. नायडू इंदूरच्या होळकरांकडे गेले, ते याच वाटेने. स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली आणि ही वाट हळूहळू बुजत गेली. आश्रयदाता गेला, पण त्याची जागा घेणारी दुसरी व्यवस्था उभी राहिली नव्हती.

मंकड यांच्या रणजी कारकिर्दीचा प्रवास पाहिला की हे वास्तव स्पष्ट होते. वेस्टर्न इंडिया, नवानगर, महाराष्ट्र, गुजरात, बंगाल, मुंबई आणि शेवटी राजस्थान, असे सात संघ त्यांनी बदलले. १९४३-४४ मध्ये ते महाराष्ट्राकडून खेळले आणि १९५१-५२ पासून १९५५-५६ पर्यंत मुंबईकडून. मुंबईने त्या पाच हंगामांत तीन वेळा रणजी करंडक जिंकला. मैदानाभोवती जमणाऱ्या प्रेक्षकाला आपला आणि परका यांचा हिशेब सोपा वाटतो. जो आपल्या संघात तो आपला, गेला की परका. खेळाडूला मात्र या हिशेबात घरभाडे आणि मुलांचे शिक्षणही धरावे लागते.

संस्थानिकांच्या पश्चात भारतीय खेळाडूला कमाईचा एक हमखास मार्ग उरला होता, तो म्हणजे इंग्लंडमधील लँकेशायर लीग. कापडगिरण्यांच्या छोट्या छोट्या गावांचे हे क्लब. संघातील बाकी सारे स्थानिक हौशी खेळाडू, पगारी व्यावसायिक मात्र एकच. तो जगातला मोठा खेळाडू असला की शनिवारी तिकीटखिडकीवर गर्दी होई आणि क्लबचा वर्षाचा खर्च निघे. व्यावसायिकाने पन्नास धावा केल्या की प्रेक्षकांतून पेटी फिरवून त्याच्यासाठी पैसे गोळा करण्याचीही तेथे प्रथा होती. वेस्ट इंडीजचे लिअरी कॉन्स्टंटाइन नेल्सन क्लबकडून आणि जॉर्ज हेडली हॅसलिंग्डनकडून याच लीगमध्ये खेळले. भारताचे अमरसिंग आणि लाला अमरनाथ हेही युद्धापूर्वी तेथे नावाजले गेले होते. १९५२ च्या हंगामासाठी त्याच हॅसलिंग्डन क्लबने विनू मंकड यांना बोलावले.

नेमक्या त्याच उन्हाळ्यात भारतीय संघाचा इंग्लंड दौरा ठरलेला होता. मंकड यांनी क्रिकेट नियामक मंडळापुढे एक सरळ व्यवहार ठेवला. दौऱ्यासाठी आपली निवड होईल अशी हमी मिळाली तर आपण क्लबचे निमंत्रण नाकारू, अन्यथा उपजीविकेची सोय करणे भाग आहे. मंडळाने हमी दिली नाही. निवड समितीने एखाद्या खेळाडूला आधी शब्द देऊ नये, हे तत्त्व म्हणून चुकीचे नव्हते. पण हे तत्त्व ज्या खेळाडूला लावले गेले त्याने इंग्लंडविरुद्धच्या १९५१-५२ च्या मालिकेत ३४ बळी घेतले होते. फेब्रुवारीत मद्रासच्या चेपॉकवर त्याने पहिल्या डावात ५५ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात ५३ धावांत ४ गडी बाद केले. त्यातले पाच जण यष्टिरक्षक प्रबीर सेन यांनी यष्टिचीत केले होते. पहिल्या कसोटीनंतर वीस वर्षांनी भारताला एक डाव आणि ८ धावांनी विजयाची चव चाखता आली. इंग्लंडने त्या दौऱ्यावर आपले सगळे दिग्गज पाठवले नव्हते हे खरे, तरीही ज्याच्याशिवाय हा विजय घडला नसता त्याच्या निवडीची शाश्वती देण्याचे मंडळाला जड गेले. मंकड यांनी हॅसलिंग्डनचा करार पत्करला.

विजय हजारे यांच्या नेतृत्वाखालचा संघ मंकड यांच्याविना इंग्लंडला गेला. ५ जूनला हेडिंग्लेवर पहिली कसोटी सुरू झाली. पहिल्या डावात विजय मांजरेकर यांनी १३३ आणि हजारे यांनी ८९ धावा करून डाव सावरला. दुसऱ्या डावात मात्र पदार्पण करणारा फ्रेड ट्रूमन आणि अ‍ॅलेक बेडसर यांच्या माऱ्यापुढे पंकज रॉय, दत्ता गायकवाड, माधव मंत्री आणि मांजरेकर हे चौघे धावफलकावर शून्य असतानाच बाद झाले. चार बाद शून्य हे अंक भारतीय क्रिकेटरसिकांच्या किमान दोन पिढ्यांच्या मनावर गोंदले गेले. भारत सात गडी राखून हरला.

आता मंडळाला मंकड आठवले. दौऱ्यावरच्या व्यवस्थापनाने हॅसलिंग्डनकडे विनंती केली आणि क्लबने उरलेल्या कसोट्यांसाठी आपला खेळाडू मोकळा केला. ज्या गावाने वर्गणी आणि तिकिटांच्या पैशांतून हा खेळाडू आणला होता त्याला आपला शनिवार सुना ठेवावा लागला. हॅसलिंग्डनच्या प्रेक्षकांसाठी हाही एक वियोगच होता.

लॉर्ड्सची कसोटी १९ जूनला सुरू झाली. शनिवारच्या लीग सामन्यांतून थेट कसोटीत उतरलेल्या मंकड यांनी सलामीला येऊन ७२ धावा केल्या. भारताचा डाव २३५ वर संपला. त्यानंतर इंग्लंडच्या ५३७ धावांच्या डावात त्यांनी ७३ षटके टाकली, त्यातली २४ निर्धाव होती, आणि १९६ धावांत ५ बळी घेतले. एवढी गोलंदाजी केल्यानंतर ते पुन्हा सलामीला उतरले आणि १८४ धावांची खेळी करून परतले. कसोटीत कोणाही भारतीयाने तोवर केलेली ती सर्वांत मोठी खेळी होती. कर्णधार हजारे यांच्यासह त्यांनी २११ धावांची भागीदारी केली. इंग्लंडला विजयासाठी हव्या असलेल्या ७९ धावाही सहज मिळू नयेत म्हणून त्यांनी आणखी २४ षटके टाकली. पाच दिवसांत २५६ धावा आणि ९७ षटके. भारत आठ गडी राखून हरला, पण तो सामना मंकड यांची कसोटी म्हणूनच ओळखला जाऊ लागला. पराभूत संघाच्या खेळाडूच्या नावाने सामना ओळखला जाण्याची उदाहरणे क्रिकेटमध्ये फार नाहीत. लॉर्ड्सच्या फलंदाजी आणि गोलंदाजी अशा दोन्ही सन्मानफलकांवर त्यांचे नाव कोरले गेले आहे.

मंकड यांचे १९५२ साल तेथे संपले नाही. ऑक्टोबरमध्ये दिल्लीला पाकिस्तानविरुद्धच्या पहिल्यावहिल्या कसोटीत त्यांनी १३१ धावांत १३ बळी घेतले. पुढच्याच महिन्यात मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर त्यांनी कसोटीतील हजार धावा आणि शंभर बळी हा दुहेरी टप्पा गाठला, तोही अवघ्या २३ सामन्यांत. हा विक्रम मोडायला १९७९ साल आणि इयान बोथम यावे लागले. जानेवारी १९५६ मध्ये मद्रासला न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी २३१ धावा केल्या आणि पंकज रॉय यांच्यासह ४१३ धावांची सलामी दिली. हा सलामीचा विश्वविक्रम २००८ पर्यंत अबाधित राहिला. एक ते अकरा या सर्व क्रमांकांवर कसोटीत फलंदाजी करणाऱ्या मोजक्यांपैकी ते एक. १९५८-५९ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध भारताने एका मालिकेत चार कर्णधार बदलले. निवडीतील हस्तक्षेपाला कंटाळून पॉली उम्रीगर यांनी मद्रास कसोटीच्या तोंडावर राजीनामा दिला, तेव्हा ती धुरा एकेचाळिशीच्या मंकड यांच्याकडे आली. त्याच मालिकेत त्यांची कारकीर्द संपली. ४४ कसोट्या, २१०९ धावा आणि १६२ बळी ही त्यांची शिदोरी.

एवढे करूनही जगभरातील क्रिकेटच्या बोलीत त्यांचे नाव चिकटले ते भलत्याच गोष्टीला. डिसेंबर १९४७ मध्ये सिडनी कसोटीत चेंडू टाकला जाण्यापूर्वीच क्रीझ सोडणाऱ्या बिल ब्राऊन यांना त्यांनी दुसऱ्या टोकाला धावबाद केले. त्याआधी एका दौरा सामन्यात ब्राऊन यांना ताकीदही मिळाली होती. नियमानुसार यात गैर काही नव्हते आणि खुद्द डॉन ब्रॅडमन यांनी मंकड यांची बाजू घेतली. तरीही अशा बाद होण्याला मंकड यांचे नाव दिले गेले आणि त्याला अखिलाडू वृत्तीचा वास चिकटवला गेला. मेरिलबोन क्रिकेट क्लबने २०२२ मध्ये हा प्रकार अयोग्य खेळाच्या कलमातून काढून साध्या धावबादच्या कलमात नेला. त्याच्या आदल्याच वर्षी आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने मंकड यांना आपल्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान दिले होते. दोन्ही गोष्टी घडल्या तेव्हा त्यांच्या निधनाला चार दशके उलटून गेली होती.

विनू मंकड यांचे २१ ऑगस्ट १९७८ रोजी मुंबईत निधन झाले. वय एकसष्ट. त्यांचे पुत्र अशोक मंकड भारताकडून २२ कसोट्या खेळले आणि त्यांनी मुंबईचे नेतृत्वही केले. देशातील एकोणीस वर्षांखालील मुलांची एकदिवसीय स्पर्धा आज विनू मंकड करंडक या नावाने खेळली जाते.

त्यांच्यानंतरच्या क्रिकेटने पैशाची लाज सोडून दिली. फेब्रुवारी २००८ मध्ये मुंबईत इंडियन प्रीमियर लीगसाठी खेळाडूंचा जाहीर लिलाव झाला आणि पहिला अंतिम सामना पनवेलपासून जवळच असलेल्या नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर रंगला. खेळाडूची किंमत आता प्रेक्षकाला पाठ असते. पण प्रेक्षकाचे मन फारसे बदललेले नाही. हार्दिक पंड्या मुंबई सोडून गुजरातकडे गेला, परत आला आणि रोहित शर्माच्या जागी कर्णधार झाला, तेव्हा २०२४ मध्ये वानखेडेवर त्याच्याच संघाच्या पाठीराख्यांनी त्याची हुर्यो उडवली. निर्णय संघमालकांचा होता, रोष मात्र खेळाडूच्या वाट्याला आला.

मंकड यांच्या काळात लिलाव नव्हता, दलाल नव्हते आणि खेळाडूंची संघटनाही नव्हती. त्यांच्यापाशी फक्त एक प्रश्न होता आणि तो त्यांनी वेळेवर, उघडपणे विचारला. उत्तर नकारार्थी आले म्हणून त्यांनी आपला मार्ग धरला, आणि हाक आली तेव्हा मागचे काही न काढता ते लॉर्ड्सवर सलामीला उभे राहिले. देशासाठी खेळण्याची निष्ठा खेळाडूकडून नेहमीच मागितली जाते. त्या खेळाडूबद्दल देशाच्या क्रिकेटनेही काही निष्ठा बाळगायची असते, याची पावती त्या ९७ षटकांवर लिहिलेली आहे.