एडगर कॉड : नोंदींना बोलते करणारा गणिती

शाळेत नाव दाखल होताच जनरल रजिस्टरात प्रत्येकास एक क्रमांक मिळतो. नाव असता क्रमांक कशास, असे पुष्कळांस वाटते. पण पारगाव नावाचे गाव जुन्नर तालुक्यात आहे, तसेच आंबेगाव तालुक्यातही आहे. एकाच नावाची दोन मुले दोन पारगावांहून आली, तर ओळख कशी पटावी? एकाची शिष्यवृत्ती दुसऱ्याच्या नावे पडली, तर गरिबाच्या मुलाचे वर्ष वाया जावयाचे. अशा नोंदी यंत्रात नीट मांडून त्यांस प्रश्न विचारण्याची रीत ज्यांनी घालून दिली, त्या एडगर फ्रँक कॉड यांचे हे अल्प चरित्र.

कॉडसाहेबांचा जन्म १९ ऑगस्ट १९२३ रोजी इंग्लंडात डॉर्सेट परगण्यातील पोर्टलंड येथे झाला. वडील कातड्याचे कारखानदार व आई शाळाशिक्षिका होती. सात भावंडांत हे धाकटे. ऑक्सफर्ड येथे त्यांनी गणित व रसायन यांचे अध्ययन केले. त्या काळात महायुद्ध चालू होते. विद्यार्थी म्हणून त्यांस सूट मिळाली असती. तथापि ते आपण होऊन वैमानिक झाले. पुढे १९४८ साली ते अमेरिकेस गेले व त्यानंतर आयबीएम कंपनीत नोकरीस लागले. मतांवरून माणसांची छळणूक करणारे तेथील राजकारण न पटल्यामुळे १९५३ साली ते कॅनडात गेले व काही वर्षांनी परतले. चाळिशी उलटल्यावर, १९६५ साली, त्यांनी मिशिगन विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी संपादिली.

त्या काळी यंत्रातील माहिती साखळीप्रमाणे गुंफलेली असे. कोणत्या कडीवरून कोणत्या कडीवर जावयाचे, हे ठाऊक असलेल्या जाणत्यासच उत्तर सापडे. कॉडसाहेबांनी १९७० साली निबंध लिहून दाखविले की, माहिती साध्या कोष्टकांत मांडावी. एका कोष्टकात विद्यार्थ्याचा क्रमांक, नाव, गाव व तालुका. दुसऱ्यात तोच क्रमांक, इयत्ता व वर्ष. दोहोंस जोडणारा दुवा म्हणजे तो क्रमांक. मग आंबेगाव तालुक्यातील पारगावच्या किती मुली यंदा आठवीत आहेत, एवढेच विचारावे. वाट यंत्राने शोधावी. या विचारावरून त्यांच्या सहकाऱ्यांनी एस्क्यूएल ही प्रश्नभाषा रचिली.

परंतु कंपनीची जुनी पद्धत बाजारात चांगली चालत असल्यामुळे घरच्याच माणसाचा हा विचार मागे राहिला. १९७९ साली दुसऱ्याच एका लहान कंपनीने तशी प्रणाली विक्रीस आणिली. आयबीएमची त्यानंतर, १९८१ साली आली. त्याच वर्षी कॉडसाहेबांस ट्युरिंग पारितोषिक मिळाले. कोष्टकांचे नुसते नाव घेऊन माल विकणाऱ्यांची परीक्षा व्हावी म्हणून त्यांनी १९८५ साली कसोटीचे नियमही प्रसिद्ध केले. १८ एप्रिल २००३ रोजी फ्लॉरिडात त्यांचे देहावसान झाले.

आज शाळांच्या पटनोंदी यंत्रांत ठेवल्या जातात, त्यांच्या मुळाशी हाच विचार आहे. मात्र यंत्र लिहिले तेवढेच सांगते. जन्मतारीख चुकली अथवा तालुका गाळला, तर शुद्ध प्रश्नासही अशुद्ध उत्तर मिळेल. म्हणून पालकांनी प्रवेशाचा अर्ज भरताना प्रत्येक अक्षर पडताळून पाहावे. उत्तम मेंढपाळास शंभरांतील एकही मेंढरू हरवलेले खपत नाही. शाळेच्या पटावरील एकही मूल गणतीतून सुटता कामा नये.