तहानेच्या मुलखातले महाराज

रोहिणी नक्षत्र लागले की घाटाखालच्या मुलखाचा श्वास कोंडतो. बुलढाणा जिल्ह्याचे आपण पूर्वापार दोन भाग मानतो, घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटावर चिखली-मेहकरकडे रात्री थोडा तरी वारा सुटतो. खाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद या पूर्णेच्या काळ्या खोऱ्यात मात्र पारा 43-44 अंशांवर जाऊन बसतो. मे महिन्याच्या अखेरीस तर नुसत्या उन्हाने भागत नाही. अरबी समुद्राकडून बाष्प येऊ लागते, उमस वाढते, सदरा अंगाला चिकटतो आणि झाडाचे पान हलत नाही.

मग दुपारी तीनच्या सुमारास उत्तरेला सातपुड्यावर ढग उभे राहतात. तापलेल्या जमिनीवरची दमट हवा वर चढते, काही किलोमीटर उंचीवर तिचे पाणी आणि बर्फ होते आणि त्या ढगातून थंड हवेचा लोट खाली कोसळतो. म्हणून पावसाच्या आधी वावटळ येते. टिनपत्रे खडखडतात, कैऱ्यांचा सडा पडतो, विजा कडाडतात. पंधरा मिनिटे टपोरे थेंब पडतात आणि पुन्हा तोच उकाडा, पहिल्यापेक्षा जास्त! दुसऱ्या दिवशी तीन वाजता पुन्हा तोच खेळ. या पावसावर भरवसा ठेवून जो पेरतो त्याच्यावर दुबार पेरणीची पाळी येते, हे इथले लहान पोरही जाणते. आकाश रोज वचन देते आणि रोज मोडते.

शेगावच्या गजानन महाराजांचे चरित्र मी अनेकदा वाचले. पण ते या हवेचे, या तहानेचे चरित्र आहे, हे ध्यानात यायला मला नोकरीची बरीच वर्षे घालवावी लागली.

महाराज कुठून आले, कोणाचे कोण, हे कोणालाच ठाऊक नव्हते. 23 फेब्रुवारी 1878 रोजी ते शेगावात प्रथम दिसले, असे मानले जाते. दक्षिणेतला मोठा दुष्काळ तेव्हा नुकता सरत होता. वऱ्हाडात कापसाचा पैसा खेळत होता. 1870 मध्ये जलंब ते खामगाव असा रेल्वेचा फाटाही त्या कापसासाठीच टाकला गेला होता. अशा भरल्या मुलखात देविदास पातुरकरांच्या घरी पंगती उठल्या, उष्ट्या पत्रावळी बाहेर पडल्या आणि एक दिगंबर तरुण त्यांतली शिते वेचून खात बसला. बंकटलाल अग्रवाल आणि दामोदरपंत कुलकर्णी यांनी त्याला पाहिले. पोथी सांगते की, दामोदरपंत पाणी आणायला गेले, तोवर या तरुणाने गुरांच्या हाळावर जाऊन तहान भागवलीही होती. माघाची दुपार होती, पण वऱ्हाडात माघातले ऊनही चावते. ओळखीचा पहिला प्रसंगच असा पाण्याचा आहे.

पुढची बत्तीस वर्षे हा पुरुष शेगाव आणि आसपासच्या गावांतून फिरला. अंगावर वस्त्र नाही, डोक्यावर छप्पर असले तर असले. ऊन, वावटळ, गारा हे सारे त्याने उघड्या अंगावर घेतले. छपन्नचा दुष्काळ म्हणून म्हातारी माणसे ज्याचे नाव घेत, तो 1899-1900 चा काळही त्याच्या डोळ्यांदेखत गेला.

दासगणू महाराजांनी 1939 मध्ये लिहिलेल्या 'श्री गजानन विजय' या एकवीस अध्यायांच्या पोथीत वैशाख पुन्हा पुन्हा येतो. अक्षय्य तृतीयेला वऱ्हाडात पितरांच्या नावाने पाण्याचा कुंभ देतात. त्याच दिवशी जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे शेतकरी पावसाचे भाकीत ऐकायला जमतात. पोथीतल्या अशाच एका अक्षय्य तृतीयेला महाराजांच्या चिलमीसाठी जानकीराम सोनाराकडे विस्तव मागितला गेला. सणाच्या दिवशी विस्तव देऊ नये म्हणून त्याने नकार दिला. पुढे त्याच्या पंगतीतले चिंचवणे नासले आणि तो शरण आला.

दुसरी कथा पाण्याची. वैशाखातल्या भर दुपारी महाराज अडगावच्या वाटेने अकोलीच्या शिवारात आले. भास्कर पाटील शेतात राबत होता. त्याने गावातून डोक्यावर वाहून आणलेले पाणी जवळ होते. महाराजांनी ते मागितले. पाटलाने या धडधाकट भिकाऱ्याला सुनावले आणि पाणी नाकारले. जवळच बारा वर्षे कोरडी पडलेली एक विहीर होती. महाराज तिच्या काठी जाऊन बसले आणि विहिरीला पाणी आले, असे पोथी सांगते. भास्कर पुढे महाराजांचा निःसीम शिष्य झाला.

चमत्कार खरा की खोटा, या वादात मला शिरायचे नाही. पूर्णेच्या या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरला आहे. येथे विहिरीला पाणी लागले तरी पुष्कळ ठिकाणी ते खारट निघते. डोक्यावरून आणलेल्या गोड्या पाण्याच्या घागरीची किंमत ज्याला कळते, त्याला भास्कर पाटील दुष्ट वाटत नाही. तो हिशेबी होता, इतकेच.

आणि हिशेबी माणूस मला चांगला ठाऊक आहे. घाटाखालच्या एका शाखेत मी अधिकारी असताना अशाच मेच्या दुपारी एक शेतकरी विहीर खोल करण्यासाठी कर्ज मागायला आला. मागली बाकी थकलेली. कागद नियमात बसत नव्हते. मी कूलरच्या वाऱ्यात बसून नाही म्हणालो आणि नियमाने तेच बरोबर होते. तो तासभर बाकावर बसून राहिला. बाहेर ढग गडगडले, वावटळ आली, चार थेंब पडले आणि तो उठून गेला. शाखेत माठ होता, माठावर पेला होता. मी त्याला पाण्याचेही विचारले नव्हते. कर्ज नाकारणे माझे काम होते. पाणी न विचारण्याची सक्ती मात्र कोणत्याही परिपत्रकाने केली नव्हती. त्या रात्री अकोलीचा अध्याय आठवला आणि आपण त्यात कोण आहोत, हे कळले.

महाराजांच्या अखेरच्या वर्षांतही वैशाख आहेच. 1908 च्या वैशाखात अकोल्याला शिवजयंतीची सभा झाली. लोकमान्य टिळक आले होते आणि व्यासपीठावर महाराजही होते. त्याच वर्षी टिळकांना शिक्षा होऊन मंडाले घडले. महाराजांनी 8 सप्टेंबर 1910 रोजी, ऋषिपंचमीला, शेगावी देह ठेवला. तो भाद्रपद होता. रोजच्या फसव्या गडगडाटाचे दिवस केव्हाच सरलेले असतात आणि कपाशी हिरवीगार उभी असते, असा महिना.

आजही आषाढीच्या सुमारे महिनाभर आधी शेगावची पालखी पंढरपूरला पायी निघते. ते दिवस रोहिणी-मृगाचे, म्हणजे याच उमसीचे आणि दुपारच्या विजांचे. रस्त्याकडेच्या गावांतून लोक पाण्याची पिंपे, माठ, घागरी घेऊन उभे असतात. घोटभर पाणी देताना कोणी कोणाला गाव विचारत नाही, बाकी विचारत नाही.

मीही दरवर्षी एक माठ भरून ठेवतो. तो शेतकरी त्या वाटेने कधी आला नाही. आला असता तरी मी त्याला ओळखले असते असे नाही. म्हणून येईल त्याला पाणी द्यायचे.