रॉबर्ट ओवेन

रॉबर्ट ओवेन (१४ मे, १७७१ – १७ नोव्हेंबर, १८५८) हे वेल्समधील न्यूटाउन येथे जन्मलेले गिरणीमालक, समाजसुधारक आणि समाजवादी विचारवंत होते. माणसाचा स्वभाव परिस्थिती घडवते, अशी त्यांची धारणा होती. १८०० पासून स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क येथील सूतगिरण्या चालवताना त्यांनी दहा वर्षांखालील मुलांना कामावर घेणे बंद केले, कामाचे तास घटवले आणि मुलांसाठी शाळा काढली. तरीही गिरण्या नफ्यात राहिल्या. पुढे सामाईक मालमत्तेच्या स्वावलंबी वसाहतींची कल्पना त्यांनी मांडली. १८२५ मध्ये अमेरिकेतील इंडियाना येथे स्थापलेली न्यू हार्मनी वसाहत मतभेदांमुळे सुमारे दोन वर्षांत मोडली आणि त्यांची बहुतेक संपत्ती त्यात गेली. मार्क्स व एंगेल्स यांनी त्यांची गणना स्वप्नाळू समाजवाद्यांत केली. मात्र १८४४ मध्ये रॉचडेल येथे सुरू झालेल्या सहकारी भांडारामागे त्यांच्याच विचारांची प्रेरणा होती.