पाटीलबावा महादजी शिंदे



दौंडहून भीमा नदी ओलांडली की श्रीगोंदा तालुका लागतो. शिरूरहून नगरच्या रस्त्याने पुढे गेले की पारनेर तालुका लागतो. श्रीगोंद्याला शिंदे सरदारांचे वाडे आहेत आणि पारनेर तालुक्यातल्या जामगावात महादजी शिंदे यांचा वाडा आहे. म्हणजे दिल्ली गाजवणारा हा वीर आपला शेजारीच की! त्यांचीच ही गोष्ट.

शिंद्यांचे मूळ गाव साताऱ्याकडचे कण्हेरखेड. महादजींचा जन्म सुमारे १७३० साली झाला. वडिलांचे नाव राणोजी, आईचे नाव चिमाबाई. राणोजी थोरल्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी साध्या चाकरीला लागले आणि पराक्रमाने मोठे सरदार झाले. महादजी सर्व भावांत धाकटे. लहानपणापासून घोडा, भाला आणि छावणी हीच त्यांची शाळा.

या घराने फार सोसले. थोरले भाऊ जयाप्पा १७५५ साली नागोरजवळ दग्याने मारले गेले. १० जानेवारी १७६० रोजी दिल्लीजवळ बुराडी घाटावर दत्ताजी लढता लढता पडले. पुढच्याच वर्षी, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतची मोठी लढाई झाली. ऐन संक्रांतीचे दिवस होते. त्या लढाईने तुकोजी गेले आणि जयाप्पांचा तरुण मुलगा जनकोजीही गेला. घरातला एकेक कर्ता माणूस असा गेला.

महादजी पानिपतावरून निघाले, पण एका अफगाण स्वाराने त्यांचा पाठलाग केला. त्याने पायावर जबर घाव घातला आणि महादजींना मेलेले समजून तो निघून गेला. महादजी रक्ताच्या थारोळ्यात पडून राहिले. तेवढ्यात तिथून राणेखान नावाचा एक भिस्ती चालला होता. भिस्ती म्हणजे पखालीतून पाणी वाहणारा माणूस. सगळीकडे पळापळ चाललेली, ज्याला त्याला आपल्याच जिवाची पडलेली. पण राणेखान थांबला. त्याने महादजींना उचलले, आपल्या बैलावर घातले आणि सुखरूप दक्षिणेकडे आणले.

महादजी वाचले, पण पाय जन्माचा अधू झाला. आता हा काय लढणार, असे कोणालाही वाटले असते. शिंद्यांची सरदारकी मिळायलासुद्धा त्यांना पुढे काही वर्षे झगडावे लागले. पण ते खचले नाहीत. पानिपतानंतर दहाच वर्षांनी, १७७१ साली, मराठी फौजा पुन्हा दिल्लीत शिरल्या. त्यांत महादजी होते. दूर राहिलेल्या शहाआलम बादशहाला मराठ्यांनी दिल्लीला आणले आणि १७७२ च्या जानेवारीत तो आपल्या राजधानीत आला.

१७७९ च्या जानेवारीत इंग्रजांची फौज मुंबईहून घाट चढून पुण्यावर चालून आली. महादजी आणि इतर सरदारांनी तिची रसद तोडली. वाटेतला दाणागोटा शत्रूच्या हाती लागू दिला नाही. शेवटी वडगाव मावळला इंग्रजांना शरण येऊन तह करावा लागला. पुढे १७८२ साली सालबाईचा तह झाला, तोही महादजींच्याच मध्यस्थीने. १७८४ साली बादशहाने वकील-इ-मुतलक हे फार मोठे पद दिले. सारा कारभार महादजींच्या हाती आला. एवढे होऊनही ते स्वतःला पाटीलच म्हणवून घेत. म्हणून लोक त्यांना पाटीलबावा म्हणत.

आता राणेखानाचे काय झाले, ते ऐका. महादजी त्याला विसरले नाहीत. त्यांनी त्याला भाऊ मानले, जवळ ठेवले आणि आपल्या फौजेत सरदार केले. ही नुसती उपकाराची परतफेड नव्हती. राणेखान खरोखरच त्या जागेला लायक ठरला.

१७८७ साली लालसोटच्या लढाईत महादजींना माघार घ्यावी लागली. बादशहाचे शिपाई त्यांना सोडून शत्रूला मिळाले. ही संधी साधून गुलाम कादर दिल्लीत घुसला आणि १७८८ साली त्याने म्हाताऱ्या बादशहाचे डोळे काढले. तेव्हा महादजींनी दिल्लीवर जी फौज पाठवली, तिचा प्रमुख कोण होता माहीत आहे? तोच राणेखान! दिल्ली पुन्हा हाती आली आणि गुलाम कादर पकडला गेला. एके काळी पखाल वाहणारा माणूस दिल्ली सोडवणारा सेनापती झाला.

१७९२ साली महादजी पुण्याला आले. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडी येथे तापाने त्यांचे निधन झाले. तिथे शिंद्यांची छत्री आहे. पालकहो, पुण्याला गेलात तर मुलांना ती जरूर दाखवा.

मित्रांनो, पडल्यावर पुन्हा उठायचे, हे तर महादजींकडून शिकायचेच. पण आपल्याला उठवले कोणी, हे मोठे झाल्यावरही लक्षात ठेवायचे, हेसुद्धा त्यांच्याकडूनच शिकायचे. पाणी पाजणारा माणूस लहान नसतो. आज आपल्याला घागरीतून पाणी देणाऱ्याचे नाव आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?