ट्राम मुंबईत आली, वेधशाळा अलिबागला

अलिबाग : इथल्या चुंबकीय वेधशाळेचं नाव आपल्या तालुक्यात सगळ्यांना माहीत, पण आत काय चालतं हे विचारायला फारसं कोणी जात नाही. ती इथं आणली नानाभॉय अर्देशिर फ्रामजी मूस या पारशी शास्त्रज्ञाने.

मूस यांचा जन्म १८५९ चा. पुण्याच्या सायन्स कॉलेजात आणि मग एडिंबरा विद्यापीठात शिकून आले, एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापकी केली आणि १८९६ मध्ये कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. इंग्लंडचे जॉन मिल्न तेव्हा जगभर भूकंपमापकांचं जाळं विणत होते. त्यातलं एक यंत्र १८९८ मध्ये कुलाब्याला बसलं.

पण खरी परीक्षा पुढेच होती. कुलाब्यात पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी १८४१ पासून घेतल्या जात होत्या. मुंबईत घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या येणार असं ठरलं. त्या विजेने चुंबकाच्या सुया हलणार, म्हणजे नोंदी वाया. मूस यांनी अलिबागची जागा निवडली. पोरबंदरचा दगड आणून, लोखंड टाळून इमारत बांधली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आकड्यांना नवे जोडता येतील. नव्या विहिरीला पाणी लागल्याशिवाय जुनी बुजवायची नाही, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

१९१० मध्ये त्यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी दोन जाडजूड भागांत, आपल्या अभ्यासासकट छापून काढल्या. त्या परदेशी विद्यापीठांत वाचल्या गेल्या. चुंबकीय वादळांवर काम करणारे ब्रिटिश शास्त्रज्ञ सिडनी चॅपमन यांनीही त्यांचा आधार घेतला. माझ्या मते मूस यांचं सगळ्यात मोठं काम हेच. कपाटात ठेवलेले आकडे साता समुद्रापार कोणाच्या कामाचे?

१९१९ ला ते निवृत्त झाले, १९३६ मध्ये वारले.

त्यांचा जन्म झाला त्याच वर्षी, सप्टेंबर १८५९ मध्ये, सूर्यावरून आलेलं एक प्रचंड चुंबकीय वादळ कुलाब्याच्या वहीत नोंदलं गेलं होतं. २००३ मध्ये अमेरिका, ब्राझील आणि भारतातल्या शास्त्रज्ञांनी मिळून त्याच नोंदीवरून वादळाचा जोर मोजला. सुमारे १,६०० नॅनोटेस्ला एवढी घट! त्यातले भारतीय शास्त्रज्ञ भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे. ही संस्था आता आपल्याच जिल्ह्यात, नवीन पनवेलला आहे, आणि अलिबागची वेधशाळाही तिच्याकडेच आहे.