संत चार्ल्स बोरोमिओ : महामारीतील मेंढपाळ

संत चार्ल्स बोरोमिओ ह्यांचा जन्म २ ऑक्टोबर १५३८ रोजी इटलीतील आरोना येथे एका सरदार घराण्यात झाला. त्यांचे मामा पोप पायस चौथे ह्यांनी १५६० साली त्यांना कार्डिनलपद दिले. पुढे मिलानचे आर्चबिशप म्हणून नेमणूक झाल्यावर १५६५ साली ते त्या शहरी गेले. कित्येक दशके मिलानचे आर्चबिशप मिलानमध्ये राहतच नसत!

१५७६ साली मिलानमध्ये प्लेग शिरला. त्या वेळी कार्डिनल लोदी येथे होते. स्पॅनिश गव्हर्नर व अनेक उमराव शहर सोडून निघून गेले. कार्डिनल मात्र शहरात परतले. सुरक्षित ठिकाणी राहण्याचा सल्ला न मानता त्यांनी मृत्युपत्र करून ठेवले आणि रुग्णसेवेस प्रारंभ केला. रुग्णनिवासात जाऊन त्यांनी मरणोन्मुखांना पवित्र साक्रामेंते दिली. वाड्यातील पडदे उतरवून त्यांतून गरिबांसाठी कपडे शिवून घेतले.

तथापि हे धैर्य बेफिकिरीचे नव्हते. लोकांनी फार जवळ येऊ नये म्हणून ते हातात काठी बाळगीत. शुद्धीसाठी व्हिनेगर वापरीत. सेवकांना आपल्यापासून दूर ठेवीत. स्वतःचा जीव धोक्यात घालण्याचा अधिकार त्यांना होता. आपल्यामुळे दुसऱ्याचा जीव धोक्यात घालण्याचा नव्हता. शहरवासीयांना घरातच राहण्याचा हुकूम झाला, तेव्हा त्यांनी चौकाचौकांत वेद्या उभारल्या. लोक खिडकीतून पवित्र मिस्सात सहभागी होऊ लागले.

त्यांनी प्रायश्चित्ताच्या मिरवणुकाही काढल्या. गर्दीने रोग फैलावेल, अशी भीती अधिकाऱ्यांना होती, म्हणून लोकांना परस्परांत अंतर ठेवून चालावयास सांगितले गेले. प्लेगचा जंतू १८९४ साली सापडला. आजच्या ज्ञानाच्या प्रकाशात त्या मिरवणुकांविषयी प्रश्न विचारणे रास्तच आहे. संतांनाही अपुऱ्या माहितीवर निर्णय घ्यावे लागतात. उपलब्ध माहितीचा आदर करणे एवढे मात्र त्यांच्या हाती असते.

३ नोव्हेंबर १५८४ रोजी वयाच्या ४६ व्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. १ नोव्हेंबर १६१० रोजी पोप पॉल पाचवे ह्यांनी त्यांना संतपद बहाल केले. ४ नोव्हेंबर हा त्यांचा सण होय.

२०२० साली कोरोनामुळे आपली चर्चेस बंद झाली, तेव्हा अनेक भाविक व्यथित झाले. घरी थांबणे म्हणजे श्रद्धा उणी पडणे, असे काहींना वाटले. मिलानच्या त्या खिडक्या आपल्याला वेगळे सांगतात. शेजाऱ्यासाठी घेतलेली काळजी हीसुद्धा प्रीतीच होय. आणि आजाऱ्याला एकटे न सोडणे, ही तिची दुसरी बाजू!